न जुळणारं रीडिंग खोडू नका

व्हायब्रेशनच्या प्रॅक्टिकलची एक जुनी रीत तुम्हाला ठाऊकच असेल. रीडिंग फॉर्म्युल्याशी जुळलं नाही की रबर काढायचं, सीनियरचं जर्नल उघडायचं आणि आकडा ‘बसवायचा’. मार्क मिळतात. पण बीम खरं काय सांगत होता, ते रबरासोबत निघून जातं.

फॉर्म्युला गृहीत धरतो की बीम थोडासाच हलतो आणि त्याचा ताठरपणा कायम राहतो. म्हणजे हळू छेडा की जोरात, फ्रिक्वेन्सी तीच. प्रत्यक्षात दोन्ही टोकं घट्ट धरलेली पातळ पट्टी जोरात हलली की वाकता वाकता ताणलीही जाते, आणि फ्रिक्वेन्सी वर सरकते. हेच नॉनलिनियर कंपन. गेऑर्ग डफिंग या जर्मन इंजिनीअरनं त्यावर १९१८ मध्येच पुस्तक लिहिलं होतं!

थर आले की प्रकरण आणखी रंगतं. मलकापूर-खामगाव रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात ट्रकखाली वाकून पाहा. पाट्यांची थप्पी दिसेल. पाटे एकमेकांवर घासतात. काही गाड्यांत वरचा जादा पाटा भरपूर माल भरल्यावरच टेकतो आणि ताठरपणा एकदम वाढतो. एका सरळ रेषेत बसणारं हे गणित नाही.

घरी करून बघायचंय? बांबूच्या दोन सारख्या कामट्या एकावर एक ठेवून एक टोक वाइसमध्ये आवळा आणि छेडा. मग त्याच कामट्या पूर्ण चिकटवून छेडा. घर्षण सोडलं तर ताठरपणा चौपट, फ्रिक्वेन्सी दुप्पट यायला हवी. आता दुसऱ्या जोडीत मध्येच थोडी जागा गोंदाविना सोडा. फ्रिक्वेन्सी घसरेल, आणि जोरात छेडल्यावर फट उघडझाप करू लागली तर ती झोक्याच्या आकारानुसारही बदलेल. मोजायला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला तरी पुरे.

तेजस विमानाचे पंख कार्बन फायबरच्या थरांचे आहेत, पवनचक्क्यांची पाती काचतंतूंच्या थरांची. आतला थर सुटला तर वरून दिसेलच असं नाही. कंपनातला फरक हा त्याचा एक सुगावा. तो आकडा कुणी ‘बसवला’ तर?

म्हणून तुमच्याकडे मागणी एवढीच: न जुळलेलं रीडिंग पेनानं लिहा, शेजारी बीम किती हलवला तेही लिहा. आणि सर-मॅडम, व्हायवाला त्याच रीडिंगवर प्रश्न विचारा, त्याचेच मार्क द्या.