इंग्रजी क्रियापदें आणि घरची मराठी

विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वह्या तपासतांना आमची लाल शाई जितकी क्रियापदांवर खर्च होते, तितकी दुसऱ्या कशावरहि होत नाहीं. स्पेलिंग पाठांतरानें सुधारतें, अक्षर सरावानें सुधारतें. परंतु काळाचे व क्रियापदांच्या रूपांचे दोष दहाव्या इयत्तेपर्यंत मुलांची पाठ सोडीत नाहींत. वरवट बकाल व आसपासच्या गांवांतील पालक याचीं बहुधा दोन कारणें देतात. एक, मूल खेड्यांतलें. दुसरें, घरची बोली वऱ्हाडी. तेव्हां घरांत मराठी कमी केली म्हणजे इंग्रजी आपोआप सुधारेल, असा त्यांचा तर्क असतो. हा तर्क आम्हांस मान्य नाहीं. मराठीचें व्याकरण कच्चें राहतें म्हणूनच इंग्रजीचें क्रियापद कच्चें राहतें, असें आमचें मत आहे.

‘डिड नॉट वेन्ट’ ही नेहमींची चूक पाहा. मूल असें कां लिहितें? मराठींत आपण ‘गेला’ म्हणतों, आणि नकार करावयाचा झाल्यास ‘गेला नाहीं’ म्हणतों. भूतकाळाचें रूप जागचें हालत नाहीं. इंग्रजींत नकाराच्या वेळीं ‘डू’ हें साहाय्यक क्रियापद मदतीस येतें, भूतकाळाचें ओझें आपल्या शिरावर घेऊन ‘डिड’ होतें, आणि मुख्य क्रियापद मोकळें होऊन ‘गो’ असें राहतें. ओझें एक आणि वाहणारा एक, एवढें ज्यास समजलें, त्याच्या ‘डिड नॉट सॉ’, ‘डिड ही केम’ या साऱ्या चुका एकदम टळतात. ज्यास तें समजलें नाहीं, त्यानें नियम शंभर वेळां लिहून काढला, तरी परीक्षेच्या घाईंत ‘गेला नाहीं’ हेंच वाक्य इंग्रजी वेष घेऊन त्याच्या लेखणींतून उतरतें.

दुसरें उदाहरण याहून महत्त्वाचें आहे. ‘मी काल पत्र लिहिलें आहे’ हें मराठी वाक्य शुद्ध आहे. इंग्रजींत मात्र ‘हॅव रिटन’च्या शेजारीं ‘येस्टर्डे’ बसत नाहीं. कारण त्या रूपाची नजर आजवर असते, आणि ‘काल’ म्हटलें कीं तो दिवस संपला. हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेपुरता आहे असें कोणी समजूं नये. नोकरीच्या अर्जांत ‘आय वर्क्ड फॉर टू इयर्स’ असें लिहिलें, तर उमेदवारानें ती जागा सोडली असें वाचणारा समजतो. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स’ असें लिहिलें, तर तो अद्याप तेथेंच आहे असें समजतो. ‘अर्थ कळला म्हणजे झालें, व्याकरण कशाला?’ असें म्हणणाऱ्यांस आमचें उत्तर हेंच, कीं अर्थ कळतो खरा, पण कधीं कधीं भलताच कळतो. आणि तो दुरुस्त करण्यास अर्जदार अर्जाबरोबर पाकिटांतून जात नाहीं.

आतां घरच्या बोलीविषयीं. ‘काय करून राहिला?’, ‘जेवून राहिलो’, असें आपल्याकडे घरोघर बोलतात, आणि शहरांतून आलेला एखादा शहाणा त्यास हंसतो. हंसण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. पुण्याकडील ‘मी जातों’ हें रूप रोज जाणें आणि या क्षणीं निघणें या दोन्ही अर्थीं चालून जातें. वऱ्हाडी माणूस मात्र रोजच्या जाण्यास ‘जातो’ आणि चाललेल्या जाण्यास ‘जाऊन राहिलो’ असें म्हणून दोहोंचा भेद स्वच्छ दाखवितो. इंग्रजीच्या ‘आय गो’ व ‘आय ॲम गोइंग’ यांतील भेद बहुतांशीं हाच. जो भेद पुस्तकांत धडे घालून शिकवावा लागतो, तो आमच्या मुलांच्या जिभेवर आधींच बसलेला आहे! ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही चूक सुशिक्षितांच्याहि तोंडीं ऐकूं येते. पण ‘मला दोन भाऊ असून राहिले’ असें वऱ्हाडांतील लहान मूलसुद्धां म्हणणार नाहीं. स्थिति दाखविणारें क्रियापद चालू काळांत जात नाहीं, हें त्याच्या कानास ठाऊक आहे. शिक्षकानें तेवढें एक वाक्य फळ्यावर लिहावें. पुढचें वर्ग आपण होऊन सांगेल. बोलीचीं रूपें प्रमाण लेखनांत घालावीं असा याचा अर्थ नव्हे. तीं शिकविण्याच्या कामीं आणावीं, एवढेंच आमचें सांगणें.

‘गो’चें ‘वेन्ट’ कां, अशी मुलें कुरकुर करितात. ‘वेन्ट’ हें मूळचें ‘वेन्ड’ या निराळ्या क्रियापदाचें रूप. तें ‘गो’नें आपलेंसें केलें. पण आपलें ‘जा’चें ‘गेला’, ‘ये’चें ‘आला’, ‘हो’चें ‘झाला’ हीं रूपें तरी कोणत्या सरळ नियमानें होतात? आपण तीं तक्ते घोकून शिकलों नाहीं. आईच्या बोलण्यांतून शिकलों. इंग्रजी अनियमित रूपेंहि वाक्यांतूनच शिकावींत. रोज दहा ओळी मोठ्यानें वाचणें हें तीन रकान्यांच्या यादीपेक्षां अधिक फळ देतें.

भाषा दुसऱ्या भाषेच्या शेजारीं ठेवून पाहण्याची ही रीति नवी नाहीं. विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं श्रीरामपूर येथें मराठीचें व्याकरण इंग्रजींत छापिलें. पुढें १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण निघालें, आणि त्यांनीं त्याची मांडणी करितांना इंग्रजी व्याकरणाचा नमुना पुढें ठेविला होता. एक परका मराठीकडे वळला, एक मराठी माणूस इंग्रजीकडे वळला. दोघांनींहि आपली मूळ भाषा टाकिली नाहीं.

महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेंत इंग्रजी आली. संधि मोठी आहे. पण ती घेण्यासाठीं घरची भाषा दाराबाहेर काढण्याचें कारण नाहीं. पालकांस आमची विनंति अशी, कीं मुलानें चुकीचें इंग्रजी वाक्य म्हटलें तर हंसूं नये, आणि मराठी बोललें तर दटावूं नये. रोज सायंकाळीं त्यास विचारावें: आज काय केलेंस, आतां काय करीत आहेस, उद्यां काय करणार? उत्तर आधीं चांगल्या मराठींत घ्यावें. इंग्रजी न जाणणाऱ्या मातेसहि हें काम करितां येईल. कारण काळांचा भेद ती मुलास जन्मापासून शिकवीत आली आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तींच तीन उत्तरें तुम्ही मग इंग्रजींत लिहा. क्रियापद लिहिण्यापूर्वीं क्षणभर थांबून आपल्या मनास विचारा: ही गोष्ट झाली, चालू आहे, कीं व्हावयाची आहे? झाली असल्यास तिचा आजशीं संबंध उरला आहे काय? या प्रश्नांचें उत्तर मराठींत नीट देतां आलें, कीं इंग्रजी रूप शोधण्याचें निम्में काम झालेंच म्हणून समजा.