घेर बेचाळीस, कंबर तीस

मे महिन्याच्या सुट्टीत आमची भाची आखाडा बाळापूरहून एस.टी.नं आमच्याकडे आली. हातात एक पिशवी, पिशवीत युनिफॉर्मच्या तीन पांढऱ्या पँटी. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "खाला, मी नर्सिंग सोडते."

पहिलं वर्ष, मार्क चांगले, घरून कोणाचा विरोध नाही. मग झालं काय? बऱ्याच वेळानं बोलली. युनिफॉर्म म्हणजे कुर्त्यासारखा वरचा अंगरखा आणि खाली पँट. मीडियम पँट मांडीवर अडकते, वर चढतच नाही. एक्स-एल चढते, पण कमरेत पंजा जाईल एवढी ढिली. सेफ्टी पिन लावून तिनं चार महिने काढले. एके दिवशी वॉर्डात पेशंटच्या पलंगावरची चादर बदलायला वाकली आणि पिन सुटली. मागून दोघी हसल्या. त्या दिवसापासून तिचं पोट दुखतं, डोकं दुखतं, अभ्यासात मन लागत नाही.

आता आमची चूक सांगतो. हे सगळं ऐकून आमच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "थोडा भात कमी कर, सगळं नीट बसेल." भाची गप्प झाली. रात्री जेवायला बसली तेव्हा तिनं खरोखरच भात घेतला नाही. बी.एड.ला आम्ही मानसशास्त्राचा पेपर दिला होता आणि मार्कही बरे पडले होते. त्या रात्री त्या मार्कांची लाज वाटली.

सकाळी टेप काढला. कंबर ३० इंच. सीटचा घेर, म्हणजे सगळ्यात भरलेल्या जागी, ४२ इंच. फरक १२ इंचांचा. मग तिच्या पँटी जमिनीवर पसरून मोजल्या. मीडियम: कंबर ३०, सीट ४०. एक्स-एल: कंबर ३४, सीट ४४. दोन्हींत फरक दहाचा. म्हणजे कारखान्यानं धरलेली बाई आणि आमची भाची यांत दोन इंचांचं अंतर होतं. तीस कमरेची मुलगी जाड कशी म्हणायची? मांड्यांची आणि कमरेखालच्या हाडांची ठेवण भात सोडून बदलत नाही. आमच्या अम्मीची ठेवण अशीच होती, आमचीही अशीच आहे.

तयार कपड्यांची मापं हा आपल्याकडे तसा नवाच विषय. बरेच कारखाने इंग्लंड-अमेरिकेच्या मापांवरून थोडंफार कमी-जास्त करून कापत आले. आपल्या लोकांची मापं मोजून काढायला केंद्राच्या वस्त्र मंत्रालयाच्या मदतीनं 'निफ्ट'नं 'इंडियासाइझ' नावाची पाहणी हाती घेतली. सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं स्कॅनरनं घ्यायची, अशी ती योजना. चांगलंच आहे. पण ती मापं आपल्या बाजारातल्या हँगरवर येईपर्यंत पँट आपल्यालाच दुरुस्त करावी लागणार.

तुम्ही म्हणाल, टेलरकडे का दिली नाही? दिली होती. पण सीटचं माप परक्या माणसाला द्यायला मुलगी लाजते, आणि ते तिचं चुकतही नाही. मग आपण काय करतो? एक 'मापाचा ड्रेस' पिशवीत घालून पाठवतो. टेलर बिचारा त्याच मापानं शिवतो. तो मापाचा ड्रेसच मुळात मागून घट्ट असेल तर पुढचे दहा ड्रेस घट्टच येतात. भाचीचं असंच होत आलं होतं. तेव्हा भगिनींनो, घरातल्या बाईनं घरात माप घ्यावं, कागदावर लिहावं आणि तो कागद कपड्याबरोबर पाठवावा. माप उभ्यानं घ्या आणि कडक खुर्चीवर बसवूनही घ्या. बसल्यावर घेर इंच-दीड इंच वाढतो.

आमच्या दादीच्या सलवारीत ही अडचण कधीच आली नाही. नेफा आणि नाडी. कंबर कितीही असो, ओढली की बसली. सीटला कापड सढळ, आणि दोन्ही पायांच्या मध्ये आसनात चौकटीच्या आकाराची मियानी लावलेली, म्हणून खाली बसताना कुठे ताण नाही. तंग पायजमा असेल तर कापड उरेब कापायचं, म्हणजे ते अंगाबरोबर थोडं ताणलं जातं. १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती. हैदराबादेत जे शिवलं जाई ते आज ना उद्या आमच्याकडे येई, आणि बायका ते बघून बघून घरीच कापत. दादीला टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते. ती वितीनं आणि बोटांनी मोजायची. तिची मियानी आम्हाला या पँटीत कामाला आली, ती कशी ते पुढे सांगतो.

आधी एक नियम. पँट नेहमी सगळ्यात रुंद जागेच्या, म्हणजे सीट आणि मांडीच्या मापानं घ्यावी. कंबर ढिली असली तरी चालेल. ढिलं कमी करता येतं. घट्ट वाढवायला मात्र तयार पँटीच्या शिलाईत कापडच सोडलेलं नसतं. आणि हात लावण्याआधी पँट एकदा धुऊन वाळवावी. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मग सगळी मेहनत वाया.

कंबर दोन इंचांपर्यंतच ढिली असेल तर कापाकापीच करू नका. कमरेच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, दोन्ही बगलांच्या शिलाईजवळ, छोटी चीर उसवा. इंचभर रुंदीचं इलॅस्टिक सेफ्टी पिनेला अडकवून फक्त मागच्या भागातून ओवा, ओढून दोन्ही टोकं पक्की शिवा, चिरा हातशिलाईनं बंद करा. पुढून पट्टा सपाट दिसतो आणि मागच्या चुण्या कुर्त्याखाली झाकल्या जातात. अर्ध्या तासाचं काम आहे.

भाचीला कंबर ३१ हवी होती, श्वास घ्यायला एक इंच धरून. ३४ मधून ३ इंच काढायचे. इथे आम्ही पहिल्या पँटीचं नुकसान केलं. मागचा पट्टा उसवला आणि मधल्या शिलाईतूनच सगळे तीन इंच आत घेतले. घालून बघितली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटलेले, आणि खाली फुगा. भाची आरशात बघून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली, म्हणून पँटीचं दुःख झालं नाही. पुन्हा उसवली.

बरोबर रीत अशी. तीन इंच वाटून घ्या. दीड इंच मधल्या शिलाईत, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण इंच. वर पूर्ण, आणि खाली उतरत उतरत सीटच्या भरलेल्या जागेशी जुन्या शिलाईत मिळून जायचं. उरलेले दीड इंच दोन टकांत, मधल्या शिलाईच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक, प्रत्येकी पाऊण इंचाचा. टक म्हणजे कापडाला घेतलेला निमुळता चिमटा. कापड दुमडल्यावर वरच्या कडेला दुमडीपासून तीन सूत (टेपवर इंचाच्या आठ भागांतले तीन) खूण करा आणि तिथून साडेचार इंच खाली शून्यावर या. टकाचं टोक सीटच्या सगळ्यात भरलेल्या जागेच्या इंचभर वरच थांबलं पाहिजे, नाहीतर तिथे चोच निघते. टोकाशी मशीन उलटी चालवू नका. दोरा लांब सोडून हातानं गाठ मारा. आधी सगळं कच्च्या टाक्यानं घालून बघा, मगच टीप मारा. टक मधल्या शिलाईकडे वळवून इस्त्री करा. शेवटी पट्टा मागे मधोमध कापा, तीन इंच कमी करून जोडा आणि परत लावा. जोडताना शिलाईपुरतं कापड सोडायला विसरू नका. जाड सुती कापडाला १४ नंबरची सुई लावा, जीन्स असेल तर १६.

एवढं करूनही निम्मं काम बाकी होतं. उभी असताना पँट सुरेख बसली, पण वाकल्यावर पट्टा मागून खाली सरकायचा. कारण मागे भरलेल्या अंगाला नुसता घेर जास्त लागत नाही, पुढच्या पट्ट्यापासून आसनातून मागच्या पट्ट्यापर्यंतची लांबीही जास्त लागते. ती कमी पडली की पँट कमरेवरून कापड ओढते. इथे दादीची मियानी आठवली.

कापड कुठून आणायचं? पांढऱ्यातही शंभर पांढरे असतात. पण पँटीची लांबी होती ४१ आणि भाचीला हवी होती ३७. खाली दीड इंच दुमडीला ठेवून उरलेलं कापलं आणि जुनी दुमड उलगडली, तर दर पायाची चारेक इंच रुंद पट्टी हातात आली. तेच कापड, तोच रंग.

कागदावर पतंगाच्या आकाराची चौकट काढा. लांबी ६ इंच, रुंदी अडीच इंच, चारही बाजूंना अर्धा इंच शिलाईचा. त्यावरून कापड कापा. मग आसनाच्या चौकापासून दोन्ही पायांच्या आतल्या शिलाया सव्वातीन-सव्वातीन इंच उसवा. पुढची आणि मागची मधली शिलाई उसवायची नाही. चौकटीची लांब टोकं पायांकडे जातात, आखूड टोकं पुढच्या आणि मागच्या शिलाईला भिडतात. चारही बाजू वेगवेगळ्या शिवा, दर कोपऱ्याला सुई कापडात ठेवून पाय उचला आणि वळवा. पहिल्यांदा कोपरा सुरकुततो. उसवून परत करा. याहून मोठी मियानी लावण्याचा मोह मात्र नको, आसन खाली लोंबायला लागतं.

झाल्यावर आरशासमोर उभं राहून खूश होऊ नका. आम्ही भाचीला जानमाजवर पाठवलं. रुकूत पट्टा जागेवर राहिला, सजद्यात कुर्ता वर सरकला नाही. मग मांडी घालून बसवलं, उकिडवं बसवलं, दिवाणावरची चादर चारही कोपऱ्यांनी बदलायला लावली. एस.टी.ची पायरी घरात नाही, म्हणून स्टुलावर चढवलं. मागे कुठेही ताण नाही. भात वाढायला घेतला तेव्हा ताट पुढे केलं, त्याबद्दल आम्ही काही बोललो नाही, तिनेही नाही.

दुसरी पँट तिनं स्वतः केली. टक थोडे खालीवर झाले, पण कुर्त्याखाली कोण बघतं! तिसरी मीडियमची होती, तिचं काही होण्यासारखं नव्हतं. तिचे पाय कापून दोन उशांचे अभ्रे शिवले.

जूनमध्ये ती परत गेली. परवा फोन आला. हसलेल्या दोघींपैकी एकीची कंबरही ढिली आहे म्हणे, ती आतून दोरीनं बांधते. पुढच्या रविवारी दोघी मिळून येणार आहेत. आम्ही सांगितलं, पँटी धुऊन आणा, आणि इलॅस्टिक तिकडूनच घेऊन या, आमच्याकडचं संपलं आहे.