बंदुकीला घर मिळतं, नावाला मिळत नाही

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसजवळ भाड्याने राहिलो. कुत्रा पाळला तर दरमहा जादा पैसे, बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही, रात्री उशिरा आवाज नको, असं सगळं करारात होतं. कायदेशीर बंदुकीवर मात्र बंदी नव्हती. मला वाटलं, लिहायचं राहून गेलं असेल. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने सांगितलं की इथे मालकाला तशी अट घालताच येत नाही. त्याचं खरं होतं. टेक्सासच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये तसा कायदाच केला आहे.

पुण्यात परतलो आणि घर शोधायला लागलो. पगार सांगितला, एजंट खूश. नवरा-बायको आणि एक मुलगी आहे म्हटलं, आणखी खूश. मग, "पूर्ण नाव काय म्हणालात?" नाव सांगितल्यावर फोनवर जी शांतता पसरते, ती तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीची असेल. मग उत्तर येतं, "तो फ्लॅट कालच गेला." एका मालकाला मी आपणहून म्हणालो, घरात मांस शिजवणार नाही, हवं तर करारात लिहून घ्या. तो म्हणाला, "माझी हरकत नाही हो, सोसायटी तयार नाही." अशी आठ घरं गेली. नववं कोंढव्यात मिळालं, आपल्याच माणसाचं.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. घरमालकाने कुठली अट घालावी आणि कुठली घालू नये, हे ठरवायचं कशावरून?

अमेरिकेतला बंदुकीचा वाद इथे उपयोगी पडतो. तिथल्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते. स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क व्यक्तीला आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात सांगितलं. पण हा हक्क सरकारला रोखतो, खासगी घरमालकाला नाही. म्हणून टेक्सास किंवा मिनेसोटासारख्या राज्यांनी मालकांचे हात बांधायला वेगळे कायदे केले. त्यामागचा युक्तिवाद असा, की भाड्याचं घरही घरच असतं. ज्याला घर विकत घेणं परवडत नाही, त्याचे हक्क घर असणाऱ्यापेक्षा कमी का असावेत?

हा युक्तिवाद मला पटतो. त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. अपार्टमेंटमध्ये भिंत दोन घरांची असते. माझ्या खोलीतली भिंत जिप्समच्या पत्र्याची होती आणि गोळी तसल्या भिंतीतून सहज आरपार जाते. पलीकडे माझी मुलगी झोपायची. बंदूक नको म्हणणारा मालक भाडेकरूचा धर्म विचारत नाही, आडनाव विचारत नाही. तो एका वस्तूबद्दल बोलतो, त्या वस्तूच्या धोक्याबद्दल बोलतो आणि ती अट सगळ्या भाडेकरूंना सारखी लागू होते. मालकाला एवढा अधिकार असायला हवा. टेक्सासने तो काढून घेतला, ते माझ्या मते चुकलं.

पण त्याच अमेरिकेत मालकाला दुसरी एक गोष्ट करता येत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्यानंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, फेअर हाउसिंग अ‍ॅक्टवर सही झाली. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारणं बेकायदा ठरलं. त्यात पळवाटा आहेत. मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या छोट्या इमारतीला बरीच सूट आहे. भेदभावही संपलेला नाही. पण घर नाकारलेल्या माणसाच्या हातात दाद मागायला एक कायदा आहे.

आपल्याकडे काय आहे? राज्यघटनेचं कलम १५(२) वाचा. दुकान, हॉटेल, सार्वजनिक विहीर, तलाव, रस्ता या ठिकाणी धर्म किंवा जातीवरून कुणालाही अडवता येत नाही. त्या यादीत भाड्याचं घर नाही. म्हणजे लॉजमध्ये एका रात्रीसाठी खोली मागताना घटना माझ्या बाजूला उभी असते आणि अकरा महिन्यांच्या करारासाठी फ्लॅट मागताना नसते. सोसायट्यांचं बळ तर २००५ मध्ये आणखी वाढलं. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, हे त्यात आहे. धर्मावरून घर नाकारू नका, हे नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "घर त्याचं, मर्जी त्याची." ही मर्जी कधीच पूर्ण नव्हती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करावी लागते आणि ती जबाबदारी मालकाची असते. तेव्हा कुणी "मर्जी" म्हणत नाही. आणि "सोसायटी तयार नाही" ही तर बहुतेक वेळा थाप असते. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला घर भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त आधी कळवावं लागतं. पुढच्या वेळी कुणी हे कारण दिलं, तर सोसायटीचे उपविधी दाखवा म्हणा.

दुसरं उत्तर मांसाचं. "बंदुकीची अट चालते, मग मटणाची का नको?" प्रश्न रास्त आहे. वासाचा त्रास होत असेल तर एक्झॉस्ट फॅन लावायला सांगा, कचरा नीट बांधून टाकायला सांगा. पण मी मांस शिजवणार नाही असं लिहून द्यायला तयार होतो, तरी घर मिळालं नाही. म्हणजे अट मटणाची नव्हतीच. ती माणूस गाळण्याची चाळणी होती.

माझी कसोटी साधी आहे. अट पाळली की घर मिळत असेल, तर ती अट आहे. अट पाळूनही मिळत नसेल, तर तो बहिष्कार आहे.

आता आपल्याबद्दल. कारण ही कसोटी आपल्या दारालाही लागते.

गेल्या उन्हाळ्यात मी मिरजेला गेलो होतो. अब्बांनी वरचा मजला भाड्याने द्यायला काढला होता. मिरजेत दवाखाने भरपूर, त्यामुळे एक नर्स विचारायला आली. भाडं तिला मान्य होतं, डिपॉझिटही मान्य होतं. अब्बांनी आडनाव विचारलं. आडनावावरून जात कळली. चहा पाजला आणि म्हणाले, "घरात विचारून सांगतो." ती गेल्यावर मला म्हणाले, "आपल्यातलंच कुणी बघू." पुण्यात आठ नकार पचवून आलेला मी समोर बसलो होतो आणि गप्प राहिलो.

बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हे आपण भाषणात सांगतो. त्याच आठवणींत १९३४ ची दौलताबादची हकीकतही आहे. किल्ल्याजवळच्या टाक्यात बाबासाहेबांच्या सोबत्यांनी हातपाय धुतले म्हणून त्यांच्यावर धावून आलेले लोक मुसलमान होते. हे आपण सांगत नाही.

"आपला मोहल्ला बरा, कशाला कुणाच्या दारात जायचं," असं म्हणणारे दोस्तही मला भेटतात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो कुटुंबं मुंब्र्याला गेली, ती जीव वाचवायला. त्यांना दोष देता येणार नाही. पण मजबुरीला तत्त्व बनवलं की आपणही तोच नियम मान्य करतो, ज्याने आपल्याला घर नाकारलं.

म्हणून मागणी एकच करूया. राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यात एक कलम हवं: धर्म, जात किंवा वैवाहिक स्थिती पाहून घर नाकारता येणार नाही. बंदूक, कुत्रा, आवाज यांच्या अटी मालकाने खुशाल घालाव्यात. ते कलम आपल्यासाठी जितकं, तितकंच त्या नर्ससाठी आणि कोंढव्यात घर शोधणाऱ्या एकट्या मुलीसाठी. आणि ते कलम येईपर्यंत, ज्यांच्या घरात एखादी खोली भाड्याने द्यायची असते, त्यांनी ते आजपासूनच पाळायला हरकत नाही.

अब्बांचा वरचा मजला अजून रिकामा आहे. या ईदला घरी जाईन तेव्हा हा लेख त्यांना वाचून दाखवणार आहे. ते चिडतील. यावेळी मी गप्प बसणार नाही.