यंत्राशी मैत्री : आबांचा आवाज गेला कुठे?



मिक्सर म्हटले की घरातल्या मायबहिणींना शेंगदाण्याची चटणी आठवणार. पण आजचा मिक्सर चटणीचा नव्हे. मांडवाच्या कोपऱ्यात टेबलावर ठेवलेली, बटणांच्या ओळीच ओळी असलेली ती सपाट पेटी, तिलाही मिक्सरच म्हणतात. माईक, पेटी, तबला यांचे आवाज तिच्यात एकत्र येतात, कमीजास्त होतात आणि अँप्लिफायरमधून कर्ण्यांना जातात. सप्ताह असो, लग्न असो की शाळेचे स्नेहसंमेलन, आता तिच्यावाचून भागत नाही. आणि कधी ना कधी कोणीतरी म्हणतेच, "अरे, माझ्या मोबाईलमधले एवढे लाव." घोटाळा तिथेच सुरू होतो.

आमच्याच भावकीतली गोष्ट सांगतो. आबांचे वर्षश्राद्ध होते. आदल्या रात्री घरच्यांनी भजन ठेवले होते. आबांचा गळा पंचक्रोशीत नावाजलेला. उमेदीच्या वयात त्यांनी म्हटलेले एक भजन कोणीतरी छोट्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवले होते. ती जुनी कॅसेट नातवाने मोबाईलमध्ये उतरवून घेतली. कानाला इअरफोन लावून ऐकली, तर आवाज स्वच्छ. काकूंना मुद्दाम पुढे आणून बसवले. पोराने वायर मिक्सरला लावली, मोबाईल चालू केला, आणि कर्ण्यातून काही नाही! नुसती किंचित खरखर. आवाज वाढवला, तर खरखर वाढली. कोणी म्हणाले, पुसले गेले असेल. कोणी म्हणाले, राहू द्या आता, सुरू करा भजन. काकू काही बोलल्या नाहीत. नातवाचा चेहरा मात्र बघवेना.

भजन पुसले गेले नव्हते. वायर चुकीची होती. कशी, ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या मांडवात ही वेळ येणार नाही.

मोबाईलची किंवा जुन्या वॉकमनची पिन बारीक असते, ३.५ मिलिमीटरची. तिच्यावर काळी कडी दिसतात. दोन कडी असतील तर ती स्टिरिओ पिन. तिच्यातून डाव्या कानाचा आवाज वेगळा आणि उजव्या कानाचा वेगळा जातो. एकच कडे असेल तर ती मोनो, म्हणजे एकच आवाज नेणारी. तीन कडी असतील तर तिच्यात बोलायच्या माईकचीही सोय आहे. मिक्सरचे भोक मोठे असते, ६.३५ मिलिमीटरचे. ही जाड पिन पूर्वीच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या फळ्यांवरून इकडे आलेली आहे.

आता खरी गोम ऐका. मिक्सरच्या या मोठ्या भोकातही बहुधा दोन तारांची सोय असते, पण ती डाव्या-उजव्या कानासाठी नव्हे. लांबच्या वायरीत वाटेने विजेची गुणगुण शिरते. ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. म्हणून मिक्सर एका तारेतून दुसरी तार वजा करतो. जे दोन्हीकडे सारखे, ते कटते. म्हणजे गुणगुण जाते. खरा आवाज दोन्ही तारांत उलटसुलट पाठवलेला असतो, म्हणून तो टिकतो.

पोराने लावलेल्या वायरीला दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन होती. डावा आवाज एका तारेत, उजवा दुसऱ्या तारेत. आबांची कॅसेट जुन्या मोनो टेपवरची, त्यामुळे डावे-उजवे अगदी सारखे. मिक्सरने सारख्यातून सारखे वजा केले. बैलगाडीला एक बैल पुढून आणि एक मागून जुंपला, दोघांनी सारखाच जोर लावला, तर गाडी हलेल काय? तसेच झाले. इअरफोनवर मात्र एकेका कानाला एकेक आवाज मिळतो, वजाबाकी होत नाही, म्हणून तिथे ठीक ऐकू आले.

सिनेमाच्या गाण्यात हा दोष वेगळा दिसतो. तिथे वाद्ये डावी-उजवी विभागलेली असतात, पण गाणाऱ्याचा आवाज बहुतेक मधोमध, दोन्हीकडे सारखा असतो. मग वाद्ये वाजतात आणि गाणारा विहिरीत पडल्यासारखा गायब होतो. असे ऐकलेत की कर्ण्याला दोष देऊ नका, आधी वायर बघा.

उपाय सोपा आहे. एका टोकाला बारीक स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या मोनो पिना, अशी वायर दुकानात मागा. दोन पिना मिक्सरच्या दोन वेगवेगळ्या लाइनच्या भोकांत घाला. घरी डाग देऊन डावी-उजवी तार थेट एकत्र जोडू नका; मोबाईलचे दोन्ही भाग एकमेकांवर जोर करतात. ज्या मोबाईलला बारीक पिनेचे भोकच नाही, त्याला टाइप-सीचा जोड लागतो. तो आदल्या दिवशी लावून बघा, मांडवात नव्हे.

भोक निवडतानाही सांभाळा. माईकमधून येणारा दाब व्होल्टच्या काही हजारांश भागाइतका, म्हणजे वाफ्यात सोडलेली बारीक धार. मोबाईलमधून त्याच्या शेकडो पट येतो. तो भरला पाट समजा. पाट वाफ्यात सोडला तर वाफा फुटणार. म्हणून मोबाईल माईकच्या भोकात नको, लाइनच्या भोकात घाला. माईकच्या तीन टाचण्यांच्या भोकात काही माईकसाठी ४८ व्होल्ट सोडायचे बटण असते. तिथे मोबाईल जोडला आणि ते बटण चालू राहिले, तर मोबाईलला इजा होऊ शकते.

जोडताना क्रम असा ठेवा. आधी मिक्सरवरचा आवाज पूर्ण खाली घ्या. वायर लावा. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन भजनात कोणाचा तरी फोन कर्ण्यातून वाजेल. मोबाईलचा आवाज पाऊण भागावर ठेवा आणि मग मिक्सरवरून हळूहळू वाढवा. लाल दिवा लागला की समजा फार झाले, खाली घ्या. चालू करताना अँप्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. म्हणजे धाडकन आवाज होऊन कर्णे बिघडत नाहीत.

गुणगुण येत असेल तर मोबाईलचा चार्जर काढून बघा. पुष्कळदा तेवढ्याने थांबते. पण एक गोष्ट हात जोडून सांगतो. गुणगुण घालवायला काही कारागीर तीन पिनांच्या प्लगातली अर्थिंगची मोठी पिन तोडतात. गुणगुण थांबतेही. पण मशीनमध्ये करंट उतरला तर त्याला जायला वाट राहत नाही, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून लोखंडी माईक धरणाऱ्यालाच तो वाट करतो. तुटक्या पिनेचे मशीन दिसले तर भाडे बुडाले तरी चालेल, ते मांडवात लावू देऊ नका. जोडणीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर उत्तमच.

आणि वेळही पाळा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत लाऊडस्पीकर बंद ठेवायचा असतो. सरकार वर्षातले मोजके दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते, पण आपल्या कार्यक्रमाला ती आहे का, हे आधी विचारावे. गावात आजारी माणसे असतात, दहावीची पोरे असतात.

तर आबांचे काय झाले? शेजारच्या आळीतल्या एका मंडपवाल्याकडे दोन पिनांची वायर निघाली. ती लावली आणि कर्ण्यातून आबा गाऊ लागले. मांडव चिडीचूप झाला. काकूंनी मान वर केली नाही. फक्त डोक्यावरचा पदर नीट पुढे ओढून घेतला, आबा ओसरीवर आले की घेत तसा.

तुमच्याही घरात अशी एखादी कॅसेट कपाटाच्या तळाशी पडली असेल. फीत दरवर्षी जीर्ण होत जाते. या आठवड्यात ती शोधा, कोरड्या जागी ठेवा आणि जाणत्या पोराकडून मोबाईलमध्ये उतरवून घ्या. एक प्रत दुसऱ्याच्या मोबाईलमध्येही ठेवा.

पुढच्या आठवड्यात विहिरीवरच्या मोटारीची अर्थिंग कशी तपासावी ते पाहू. तोवर रामराम.