परराज्यात नोकरी मिळाली, घर कोण देणार?

ऑफर लेटर हातात पडलं की घरात पहिला प्रश्न पगाराचा असतो, दुसरा गाव किती लांब पडेल याचा. राहायचं कुठे हा प्रश्न शेवटी येतो आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. ऑफिसजवळ बघ, भाडं कमी असेल असं बघ, चांगली वस्ती बघ. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शहरात नोकऱ्या झाल्या, त्यांना एवढा सल्ला पुरतो. त्यांचा काका आधीच बंगळुरूत असतो, वडिलांच्या मित्राचा फ्लॅट गुरुग्राममध्ये रिकामा असतो. आपल्या घरातली ही पहिली पदवी आणि परराज्यातली पहिली नोकरी. आपल्याला त्या सल्ल्यातला एकेक शब्द तपासून घ्यावा लागतो. ‘चांगली वस्ती’ म्हणजे नेमकी कुणाची वस्ती?

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. परराज्यात घर निवडताना भाडं आणि अंतर यांच्याआधी एक कसोटी लावा : या घरात मला माझं नाव, माझं ताट आणि माझ्या भिंतीवरचा फोटो लपवावा लागणार आहे का? लागणार असेल तर ते घर कितीही स्वस्त असलं तरी महाग आहे.

बाबासाहेबांचा बडोद्याचा प्रसंग आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. तो अस्पृश्यतेच्या क्रूरतेचा दाखला म्हणून सांगितला जातो आणि ते बरोबरच आहे. पण नोकरीसाठी घर सोडणाऱ्याने तो आणखी एका बाजूने वाचावा. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानात रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांच्याकडे कोलंबियाचं शिक्षण होतं, संस्थानाची नोकरी होती आणि शिष्यवृत्तीच्या करारामुळे ती नोकरी करणं बंधनकारकही होतं. नव्हतं ते फक्त घर. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या सरायीत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेला. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने नोकरांचं कारण सांगितलं, दुसऱ्याने बायकोचं. शेवटी कामाठी बागेत तासन् तास बसून त्यांनी मुंबईची गाडी पकडली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. घर मिळालं नाही म्हणून नोकरी टिकली नाही. महाराजांचा हुकूम कचेरीपर्यंत चालला, घरमालकाच्या उंबऱ्यावर तो थांबला.

आज लाठी घेऊन कुणी येत नाही. आज फोनवर गोड आवाजात विचारतात : पूर्ण नाव काय, व्हेज की नॉनव्हेज, वडील काय करतात, घरात देवघर लागेल ना? मग उत्तर येतं, “सॉरी, कालच गेलं.” आठवड्याने त्याच फ्लॅटची जाहिरात पुन्हा झळकते. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत हे तपासून पाहिलं. सारख्याच परिस्थितीचे, फक्त नावं वेगळी असलेले भाडेकरू घरमालकांकडे गेले. सवर्ण नावाला दार उघडलं. दलित आणि मुस्लिम नावांना नकार मिळाला किंवा जादा अटी आल्या. मुस्लिमांना त्याचा फटका सर्वांत जास्त बसला. हा अभ्यास २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आला. त्याच नियतकालिकात २०१२ साली सात मोठ्या महानगरांचा २००१च्या जनगणनेवर आधारलेला अभ्यास आला होता. त्यातून दिसलं की शहरातली माणसं आर्थिक-सामाजिक स्थितीपेक्षा जातीनुसार जास्त वेगवेगळी राहतात. ‘पैसा आला की जात जाते’ म्हणणाऱ्यांनी कधीतरी पगाराची स्लिप घेऊन भाड्याचं घर शोधून बघावं.

राज्य ओलांडल्यावर एक गंमत होते. आपली आडनावं बहुतेक सीमेपर्यंतच वाचली जातात. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावलेलं आडनाव तमिळ किंवा तेलुगू घरमालकाला काही सांगत नाही. अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा हा मोकळा श्वास मिळतो आणि तो खोटा नाही. पण नव्या राज्यात जात वाचायच्या खुणा बदलतात, वाचणं थांबत नाही. आडनाव कळलं नाही तर गोत्र विचारतात, ताट पाहतात, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी पाहतात, चौदा एप्रिलला सुट्टी कशाला हवी ते विचारतात. आणि परक्या शहरात तुमचं आडनाव सर्वांत आधी अचूक वाचतो तो बहुधा दुसरा मराठी माणूसच. म्हणून ‘आधी आपल्या मराठी लोकांना गाठ’ हा सल्लाही डोळे मिटून घेऊ नका. भाषा एक असली म्हणजे ओसरी एक असतेच असं नाही.

ज्यांना जात लपवून राहावं लागतं त्यांना दोष द्यायचा हक्क कुणालाही नाही. बाबासाहेबांनाही परकं नाव घ्यावं लागलं होतं. पण लपवण्याची किंमत आधी मोजून घ्या, कारण ती दर महिन्याच्या भाड्यात दिसत नाही. आई गावाहून येते, तिच्या पिशवीत सुकट असते आणि ती डब्यातून बाहेर काढायची की नाही यावर घरात कुजबुज होते. ती गॅलरीत उभी राहून फोनवर मोठ्याने ‘जय भीम’ म्हणते आणि तुम्ही तिला आत ओढता. आयुष्यभर मान वर करून राहिलेल्या बाईला तुम्ही तुमच्या घरात मान खाली घालायला शिकवता. मूल मोठं होऊ लागलं की शेजारच्या घरी काय सांगायचं आणि काय नाही, याचे धडे त्याला द्यावे लागतात. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, तेव्हा भाडं किती वाढेल यापेक्षा कुणाला काही कळलं तर नाही ना, ही धाकधूक मोठी असते. हा खर्च पगारातून भरून निघत नाही.

मग घर शोधायचं कसं? पहिल्या दिवशी दीर्घ मुदतीच्या करारावर सही करू नका. कंपनीकडे पहिल्या काही आठवड्यांच्या राहण्याची सोय मागा. अनेक कंपन्या ती देतात, फक्त मागावी लागते. मुलींनी केंद्र सरकारच्या ‘सखी निवास’ योजनेतलं, नोकरदार महिलांसाठीचं वसतिगृह त्या शहरात आहे का ते पाहावं. मग पायी फिरून वस्ती बघा. चौकात मटणाचं दुकान उघड्यावर आहे का? मासळीवाली दारावर येते का? चर्च, मशीद, विहार यांपैकी काही जवळ आहे का? ईशान्येकडची मुलं तिथे राहतात का? जिथे चार प्रकारची माणसं आधीपासून राहतात, तिथे पाचव्याला फारसे प्रश्न विचारले जात नाहीत. बंगळुरूत दलाल तुम्हाला आधी मल्लेश्वरम, बसवनगुडीची महती सांगेल. तुम्ही कॅन्टोन्मेंटच्या बाजूचं फ्रेझर टाउन, शिवाजीनगरही बघून या. विद्यापीठांच्या आसपासचे भाग, रेल्वे आणि सरकारी वसाहतींच्या कडेच्या गल्ल्या आधी धुंडाळा. ऑफिस अर्धा तास लांब पडलं तरी चालेल.

डिपॉझिटचं गणितही जातीचंच आहे. बंगळुरूत दहा महिन्यांचं भाडं अनामत मागण्याची जुनी रीत आहे. वीस हजार भाडं असेल तर दोन लाख रुपये, तेही पहिला पगार होण्याआधी. ज्यांचे आजोबा जमीन किंवा घर सोडून गेले त्यांना ही रक्कम घरातून मिळते, आपल्याला व्याजाने काढावी लागते. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. राज्यांनी तो स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक नाही, पण वाटाघाटीत त्याचा आधार घ्या आणि कंपनीकडे डिपॉझिटसाठी बिनव्याजी उचल मागा.

आता कागदांबद्दल. हा भाग कुणी सांगत नाही आणि दहा वर्षांनी तोच सर्वांत जास्त नडतो. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत. यवतमाळचा बंजारा पदवीधर हैदराबादला गेला म्हणून तिथला आदिवासी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात हेच ठरवलं. तो विद्यार्थी आंध्रातून वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आला होता, तरी महाराष्ट्रातली राखीव जागा त्याला मिळाली नाही. २०१८मध्ये घटनापीठाने हे तत्त्व राज्यांच्या नोकऱ्यांसाठी कायम ठेवलं. मूळ राज्यातला आणि केंद्राचा तुमचा हक्क शाबूत राहतो, नव्या राज्याचा मिळत नाही. तुमची मुलं तिथेच वाढली तर नवं राज्य त्यांना आपलं मानत नाही आणि महाराष्ट्रातल्या प्रवेशांना अधिवासाच्या आणि शाळेच्या अटी आडव्या येऊ शकतात.

म्हणून निघण्याआधी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र महाराष्ट्रातच काढून घ्या. वैधतेसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा राज्यातला पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, कोतवालबुकाची नक्कल गावी असताना शोधणं सोपं आहे. दोन हजार किलोमीटरवरून ते काम होत नाही.

यावर कुणी विचारेल, “मग चांगल्या वस्त्या त्यांनाच सोडून द्यायच्या? आपण पुन्हा कडेलाच राहायचं?” प्रश्न रास्त आहे. भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ने दिला आहे आणि तो सोडायचा नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५च्या चौथ्या कलमानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून रोखणं गुन्हा आहे. बाराव्या कलमात तर गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला असेल तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असं न्यायालयाने गृहीत धरायचं आहे, उलट सिद्ध होईपर्यंत. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात राहतं घर सोडायला लावणं हाही गुन्हा आहे. तेव्हा दलालाचे आणि मालकाचे मेसेज पुसू नका, जपून ठेवा. पण नव्या शहरात, पहिल्या महिन्यात, भाषा येत नसताना, डोक्यावर छप्पर नसताना ही लढाई एकट्याने लढायची अपेक्षा कुणी तुमच्याकडून करू नये. आधी पाय टेकवायला जागा, मग लढाई.

शिवाय ही लढाई एकट्या भाडेकरूची नाहीच. आपल्या आधीच्या पिढीतले अनेक जण रेल्वेच्या, आयुध निर्माणीच्या, वीज मंडळाच्या क्वार्टरमध्ये राहिले. तिथे जात संपली होती असं कुणी म्हणणार नाही. पण घर सेवाज्येष्ठतेने आणि वेतनश्रेणीने मिळायचं, मालकाच्या मर्जीने नाही. सरकारी नोकऱ्या आटल्या तेव्हा आरक्षणाबरोबर नियमाने मिळणारं घरही गेलं, याची चर्चा आपण फारशी करत नाही. खासगी कंपनी नोकरी देते आणि माणसाला खासगी घरमालकाच्या दारात सोडून देते. ज्या कंपन्यांच्या कागदावर विविधतेची धोरणं आहेत, त्यांनी बदलीवर आणि परराज्यातून येणाऱ्यांसाठी स्वतःच्या नावाने घरं भाड्याने घ्यावीत. मालकाचा करार कंपनीशी होईल, आडनावाशी नाही.

आणि काही काम आपलं आहे. प्रवेश मिळूनही राहायला जागा नसेल तर शिक्षण होत नाही, हे शाहू महाराजांना कळलं होतं, म्हणून कोल्हापुरात १९०१पासून वसतिगृहं उभी राहिली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं. शिक्षणासाठी आपल्या माणसांनी छप्पर उभं केलं, नोकरीसाठी स्थलांतर करणाऱ्यांसाठी ते अजून उभं करायचं आहे. बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली, अहमदाबादमध्ये आपली मुलं-मुली आहेत, जयंती साजरी करणारे गट आहेत, बँका आणि विमा कंपन्यांत मागासवर्गीय कर्मचारी संघटना आहेत. त्यांच्याकडे विनाचौकशी घर देणाऱ्या मालकांची साधी यादी असली, डिपॉझिटसाठी फिरता निधी असला, पहिल्या पंधरा दिवसांसाठी एक खोली असली, तर पुष्कळ होईल.

तुम्हाला परराज्यात पाच वर्षं झाली असतील तर पुढच्या जूनमध्ये रुजू होणाऱ्या मुलीला तुमच्या वस्तीचं नाव आणि तुमच्या घरमालकाचा स्वभाव आजच सांगा. तिला दलालाच्या ‘चांगल्या वस्ती’वर विसंबावं लागू नये.