कसाऱ्याच्या फलाटावर एक टेबल द्या



मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान सीमा पेटली तेव्हा आमच्या तानसा भागातल्या काही बायका म्हणाल्या, कसाऱ्याच्या फलाटावर जवानांसाठी भाकऱ्या घेऊन जाऊ. शिकल्या-सवरलेल्यांनीच त्यांना गप्प केलं. म्हणे, लष्कराचं स्वतःचं रेशन असतं, तुमची भाकरी कोण खाणार? मला हे अजिबात पटलेलं नाही.

1971 च्या युद्धात, डिसेंबरात, माझी आई त्याच फलाटावर होती. घाट चढायला मागून बँकर इंजिन जोडेपर्यंत गाडी थांबते, तेवढाच वेळ हातात. पळसाच्या पानात बांधलेली नाचणीची भाकरी तिने खिडकीतून आत दिली. त्या जवानाला मराठी येत नव्हतं. त्याने भाकरी आधी कपाळाला लावली, मग मोडली. रेशन त्याच्याकडेही होतंच की!

असंच दुसरीकडेही घडलं आहे. अमेरिकेत नॉर्थ प्लॅट नावाचं छोटं गाव आहे. वाफेच्या इंजिनात पाणी भरायला गाड्या तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबत. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर 1941 मध्ये, आपल्या पोरांची गाडी येणार म्हणून लोक खाऊ घेऊन गेले, तर निघाले शेजारच्या कॅन्सस राज्याचे सैनिक. खाऊ त्यांनाच दिला. मग आसपासची सव्वाशे गावं आळीपाळीने रांधू लागली, ती 1946 पर्यंत. सुमारे साठ लाख सैनिक तिथे जेवून-खाऊन गेले, तेही साखर मोजून मिळण्याच्या दिवसांत.

एक आक्षेप मात्र खरा आहे. आईच्या हातात मोबाइल नव्हता. आज गाडीचा एक फोटो फिरला तरी तुकडी कुठे निघाली ते उघड होतं. त्यामुळे फलाटावर फोन बाहेर काढायचा नाही, हार-तुरे नाहीत, पुढाऱ्यांचे फलक तर नाहीतच. आणि हे युद्धापुरतं नको. सुट्टीवर निघालेला जवान काळी ट्रंक घेऊन दाराशी उभ्याने प्रवास करतो, त्यालाही पाणी मिळावं.

तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. तरी त्या बायका म्हणतात, एक माठ आम्ही रोज भरून ठेवू. रेल्वेने त्यांच्या बचत गटाला परवानगी, एक टेबल आणि थोडी सावली द्यावी.

आपला,
एक वाचक, तानसा (ता. शहापूर)