आपला ड्रोन, परका ड्रोन

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि नाशिक जिल्ह्यातला शेतकरी रस्त्यावर आला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये बांगलादेश, संयुक्त अरब अमिरात, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना कांदा पाठविण्याची परवानगी दिली गेली. तेव्हा सरकारने आकडाही जाहीर केला : ९९ हजार १५० टन. कोणत्या मित्रदेशांना किती कांदा जाणार, हे देशाला टनावारी कळले. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये, हैदराबादच्या कारखान्यात तयार झालेले वीसहून अधिक हर्मिस ९०० जातीचे लष्करी ड्रोन इस्रायलला रवाना झाल्याच्या बातम्या आल्या. गाझावर तेव्हा रोज बॉम्ब पडत होते. या व्यवहाराचा आकडा मात्र सरकारने देशाला सांगितला नाही. कांद्याचा हिशेब आहे, पण मरणाच्या यंत्राचा नाही, अशी ही आपली लोकशाही!

आम्ही हा लेख त्या हिशेबासाठी लिहीत आहोत. पण हिशेब मागणाऱ्याच्या हातातला तराजू आधी सरळ हवा, म्हणून प्रारंभ आपल्याच घरापासून करतो.

२००४ पासून अमेरिकेचे ड्रोन पाकिस्तानच्या वझिरिस्तानात माणसे मारू लागले, तेव्हा आपल्या सभा-संमेलनांतून निषेधाचे ठराव झाले. तो निषेध योग्यच होता. पण २०२० साली अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यात काराबाखसाठी ४४ दिवसांचे युद्ध झाले आणि तुर्कस्तानच्या बायरक्तार ड्रोनने रणगाडे उडविल्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागल्या, तेव्हा आपल्यातल्या काहींची छाती फुगली. 'मुसलमानांनीही शेवटी ड्रोन बनविला' असा तो अभिमान. जणू ड्रोनला कलमा येतो आणि तो माणूस ओळखून नेम धरतो! या अभिमानी मंडळींनी एक गोष्ट पाहिलीच नाही. त्याच युद्धात, त्याच आकाशात, त्याच अझरबैजानच्या बाजूने इस्रायलने विकलेले हारोप ड्रोनही उडत होते. तुर्की ड्रोन आणि इस्रायली ड्रोन एकाच फौजेत खांद्याला खांदा लावून लढले. शस्त्रांच्या बाजारात मिल्लत वगैरे काही नसते. तिथे गिऱ्हाईक असते आणि दुकानदार असतो.

बायरक्तार बनविणारी कंपनी खासगी आहे. तिचे सर्वेसर्वा राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांचे जावई आहेत. पण सरकारच्या परवानगीशिवाय असा एकही ड्रोन देशाबाहेर जात नाही. विक्री कंपनीची असली तरी मुत्सद्देगिरी सरकारची असते. ऑगस्ट २०२१ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद अंकाराला गेले आणि दोन्ही देशांत लष्करी सहकार्याचा करार झाला. तेव्हा इथिओपियाच्या तिग्राई प्रांतात यादवी पेटलेली होती. जानेवारी २०२२ मध्ये त्याच प्रांतातल्या देदेबित गावी, युद्धातून पळून आलेली कुटुंबे शाळेच्या आवारात आसऱ्याला होती. त्यांच्यावर ड्रोनमधून बॉम्ब टाकले गेले. पन्नासहून अधिक जीव गेले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने तिथले अवशेष तपासले, तेव्हा बॉम्ब तुर्की बनावटीचे असल्याचे दिसून आले.

कुणी म्हणेल, इथिओपिया दूर आहे आणि मेले ते आपले कोण? हा प्रश्नच आम्हाला लाजिरवाणा वाटतो, तरी त्याचेही उत्तर आहे. सोमालिया हा मुसलमानांचा देश आणि तुर्कस्तानचा जिवलग मित्र; २०१७ पासून मोगादिशूत तुर्कस्तानचा लष्करी तळ आहे. १८ मार्च २०२४ च्या रात्री, रमजानच्या महिन्यात, दक्षिण सोमालियातल्या एका शेतावर तुर्की बनावटीच्या ड्रोनच्या साह्याने हल्ला झाला. अम्नेस्टी इंटरनॅशनलच्या तपासानुसार २३ नागरिक ठार झाले आणि त्यांत १४ मुले होती. या १४ जनाज्यांसाठी आपल्याकडे एक तरी निषेधसभा झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वझिरिस्तानच्या मुलासाठी अश्रू आणि सोमालियाच्या मुलासाठी मौन, याला इन्साफ म्हणत नाहीत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आपण इतरांना ऐकवतो. ती आपल्यालाही लागू पडते.

आता मोठ्या दुकानदाराकडे वळू. ऑगस्ट २०२१ च्या २९ तारखेला काबूलमधल्या एका घराच्या अंगणात अमेरिकेच्या रीपर ड्रोनने क्षेपणास्त्र सोडले. अतिरेकी मारला, हल्ला योग्यच होता, असे आधी सांगण्यात आले. वृत्तपत्रांनी शोध घेतला तेव्हा १७ सप्टेंबरला कबुली आली : मेलेले दहाही जण निरपराध होते आणि त्यांत सात मुले होती. डिसेंबरमध्ये निकाल लागला की, याबद्दल कुणालाही शिक्षा होणार नाही. जगातली सर्वांत ताकदवान दुर्बीण, सर्वांत अनुभवी फौज, आणि तरी असे झाले. मग तेच यंत्र दुसऱ्याच्या हाती विकताना कोणती हमी दिली जाते?

उत्तर एका शब्दात मिळते : 'मित्रदेश'. सप्टेंबर २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीने इस्रायलशी करार केला आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारने अमिरातीला १८ एमक्यू-९बी ड्रोन विकण्याचा सुमारे २९७ कोटी डॉलरचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. मैत्रीचे बक्षीस इतक्या लवकर मिळते! अमिरात तेव्हा कोण होती? येमेनवर २०१५ पासून बॉम्ब टाकणाऱ्या आघाडीतली भागीदार. आणि लिबियात? ४ जानेवारी २०२० रोजी त्रिपोलीच्या लष्करी प्रबोधिनीत कवायतीसाठी उभ्या असलेल्या २६ निःशस्त्र तरुण छात्रांचा ड्रोनहल्ल्यात बळी गेला. ड्रोन चिनी बनावटीचा होता आणि बीबीसीच्या तपासाने बोट दाखविले ते अमिरातीकडे. हे सारे माहीत असूनही विक्री रोखण्याचा ठराव ९ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकी सिनेटमध्ये ४६ विरुद्ध ५० मतांनी पडला. पुढे २०२१ अखेर अमिरातीनेच बोलणी थांबविली, आणि ती अटी पटल्या नाहीत म्हणून. येमेनच्या माणसासाठी कुणाचे मन द्रवले म्हणून ती थांबली नाहीत.

तरीही त्या संसदेत एक गोष्ट घडली, ती आपण नीट ध्यानात घ्यावी. तिथे प्रश्न विचारला गेला. अमेरिकेच्या १९७६ च्या शस्त्रनिर्यात कायद्यानुसार मोठी विक्री करण्याआधी सरकारला संसदेला लेखी कळवावे लागते : काय विकणार, कुणाला, किती किमतीला. प्रश्न विचारून विक्री थांबतेच असे नाही, पण कोणी कोणत्या बाजूने हात वर केला याची नोंद राहते. उद्या नातवंडांनी विचारले तर दाखवायला कागद असतो.

त्या कागदाचा उपयोग आपल्यालाही झाला आहे. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी भारताने अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोन खरेदीचा करार केला. १५ नौदलाला, आठ लष्कराला, आठ हवाई दलाला. खर्च सुमारे ३२ हजार कोटी रुपये. त्यांच्यासोबत १७० हेलफायर क्षेपणास्त्रे आणि ३१० लहान बॉम्ब देण्याचा प्रस्ताव असल्याचे कुठून समजले? १ फेब्रुवारी २०२४ रोजी वॉशिंग्टनने आपल्या संसदेला दिलेल्या नोटिशीतून. पैसा आपला, हद्द आपली आणि यादी वाचायची ती परक्याच्या सूचनाफलकावर!

आता हैदराबादकडे येऊ. अदानी समूह आणि इस्रायलची एल्बिट कंपनी यांच्या भागीदारीतला हा कारखाना डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाला. इस्रायलबाहेर हर्मिस ९०० तयार करणारा तो पहिला कारखाना. लष्करी सामान देशाबाहेर पाठवायचे तर भारतातही सरकारी परवाना लागतोच. म्हणजे कुठल्या तरी टेबलावर, कुठल्या तरी फाइलवर सही होते. कोणत्या अटींवर होते? माल कुठे वापरला जाईल असे लिहून घेतले जाते? गाझाच्या छावणीवर घिरट्या घालणाऱ्या यंत्राचा सांगाडा आपल्या कारागिरांनी जोडला असेल, तर ते जाणून घेण्याचा हक्क त्या कारागिरांना तरी आहे की नाही?

हा प्रश्न काही निवृत्त अधिकारी, अभ्यासक आणि कार्यकर्ते यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. इस्रायलला शस्त्रे पाठविण्याचे परवाने थांबवा, अशी त्यांची मागणी होती. ९ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. परराष्ट्र धोरण हे सरकारचे क्षेत्र, त्यात आम्ही शिरणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. ठीक आहे. न्यायालय म्हणते, सरकारला विचारा. संसदेत विचारले तर 'राष्ट्रहित' आडवे येते. त्याआधी ५ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत इस्रायलला शस्त्रे देणे थांबविण्याचे आवाहन करणारा ठराव २८ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. १३ देश तटस्थ राहिले आणि त्यांत भारत होता. विकण्याच्या वेळी मित्र आणि मतदानाच्या वेळी तटस्थ, ही तटस्थता कोणत्या जातीची?

सरकारचे समर्थक तीन उत्तरे देतात. पहिले : आम्ही विकतो, वापरणारा दुसरा. हे उत्तर बंदुकीच्या दुकानदाराने द्यावे, सरकारने नव्हे. ड्रोन म्हणजे एकदा विकून मोकळे होण्याची वस्तू नाही. त्याचे सुटे भाग, दुरुस्ती, प्रशिक्षण, दारूगोळा, सारे वर्षानुवर्षे विक्रेत्याच्या हातातून जाते. ज्याच्या हाती नळ आहे, त्याने पाण्याशी आपला संबंध नाही असे म्हणू नये.

दुसरे : आम्ही नाही विकले तर दुसरा कोणी विकेल. अमेरिका चीनकडे बोट दाखविते, तुर्कस्तान अमेरिकेकडे. गावातला हातभट्टीवालाही हेच म्हणतो. या न्यायाने जगातला कोणताच धंदा कधी वाईट ठरणार नाही.

तिसरे उत्तर खास आपल्यासाठी राखून ठेवलेले असते : हे प्रश्न तुम्हीच का विचारता? मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात पाकिस्तानने तुर्की ड्रोन सोडल्याचे आपल्या सरकारने सांगितले. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. आम्ही त्या बहिष्काराच्या विरोधात नाही. आपल्या वस्तीवर ड्रोन सोडायला देणाऱ्याकडून फळे घेऊ नयेत, असे पुण्याच्या व्यापाऱ्याला वाटले तर त्याचे चुकले कुठे? आमचे म्हणणे एवढेच की, या कृतीमागचा नियम पक्का ठरवा. विकणाराही जबाबदार असतो, असा तो नियम आहे. तो अंकाराला लागू असेल तर वॉशिंग्टनला लागू आहे, आणि दिल्लीलाही. हे बोलल्याने कुणी आमच्या देशनिष्ठेचा दाखला मागणार असेल तर त्याने खुशाल मागावा. या देशाचा कर आम्ही भरतो. सरकार आमच्याही नावाने सही करते. ज्या कागदावर आमचे नाव आहे, तो वाचायला मागणे हा गुन्हा नव्हे.

२०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३ हजार ६२२ कोटी रुपयांवर गेली. २०२९ पर्यंत ती ५० हजार कोटींवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. म्हणजे आपण आजवर गिऱ्हाईक होतो, आता दुकानदार होत आहोत. म्हणूनच नियम आताच हवेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार करार मंजूर केला. युद्धगुन्ह्यांसाठी वापर होणार हे ठाऊक असेल तर शस्त्र देऊ नये, अशी त्याची अट आहे. अमेरिका आणि तुर्कस्तान यांनी त्यावर सही केली, पण पुढची मंजुरी दिली नाही. भारत मतदानातच तटस्थ राहिला आणि करारात आलेला नाही. तिन्ही दुकानदारांचे या एका बाबतीत मात्र एकमत!

वाचकहो, आमची मागणी मोठी नाही. कोणत्या देशाला कोणते लष्करी ड्रोन आणि त्यांचे भाग पाठविण्याचे परवाने दिले, याची यादी दरवर्षी संसदेपुढे यावी. घेणाऱ्याने ते नागरिकांवर वापरले तर पुढचा माल आणि सुटे भाग थांबतील, अशी अट परवान्यात असावी. शस्त्रव्यापार करारात भारताने यावे. आणि आपण स्वतः अल्लाहच्या भीतीने एवढे तरी करावे की, मारणाऱ्याचे नाव पाहून मेलेल्याचा शोक ठरवू नये. अद्ल हा शब्द आपण खुत्ब्यांतून ऐकत आलो आहोत. तो आप्तांच्या विरुद्धही पाळायचा असतो, हे त्यातले अवघड कलम आहे.

पुढच्या अधिवेशनाआधी आपापल्या खासदाराला एक पत्र धाडा. तो कोणत्या पक्षाचा आहे ते पाहू नका. २०१८ पासून हैदराबादच्या कारखान्यातून किती ड्रोन कोणत्या देशाला गेले आणि कोणत्या अटींवर गेले, एवढाच प्रश्न त्याने विचारावा. माहिती देता येत नाही असे उत्तर आले, तर ते उत्तरही तारखेसह जपून ठेवा आणि आपल्या मासिकांतून छापा. मग दुसऱ्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा धाडा.